शेतात सापडलेल्या वस्तूची नोंद

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात रोमन ब्रोच किंवा मध्ययुगीन बक्कल हाती आले, तर ते घासून चकचकीत करण्याचा मोह तुम्ही आवरावा, कारण हिरवट थराबरोबर नक्षीही निघून जाऊ शकते (एक सुरेख बटण मी असेच घालवले). वस्तू सापडलेली जागा तिथेच उभे राहून टिपावी. नकाशावरची जागा सांगणारा 8 आकडी ग्रिड संदर्भ 10 मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो, आणि माझ्या मते जागेविना वस्तू निम्मी मुकी असते. मग वजन, मापे आणि मोजपट्टीसह दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन लोकांना सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे नोंद करावी. ही नोंद ऐच्छिक आहे. मात्र सुटे नाणे वगळता, किमान 10 टक्के सोने वा चांदी असलेली, 300 वर्षांहून जुनी वस्तू 1996 च्या ट्रेझर कायद्यानुसार 14 दिवसांत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावीच लागते.