आवाज खाली आहे म्हणून घाबरलेल्या मुलीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. स्पर्धेत परीक्षक म्हणाले, ‘मुलीनं काळी पाचमध्ये गायला हवं’, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, आणि तेव्हापासून तू पट्टी चढवून गातेस. घसा ओढतो, तार षड्ज चिरका लागतो, असंही लिहिलंयस. उद्यापासून काळी पाच बंद. तुझी पट्टी पांढरी चार आहे, तिथेच परत ये. पेटीवर पाच पट्ट्या वर जाऊन रोज दोन तास गायलीस तर घसा बसणारच. महिनाभरात खरखर गेली नाही तर घशाच्या डॉक्टरांना दाखव. अंगावर काढू नकोस.

तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या रात्री, तुझ्या आजीच्या ओसरीवर. बायका रोटांच्या तयारीत होत्या, गाणी चालली होती आणि तू त्यांच्यात बसून भरदार, खालच्या सुरात गात होतीस. तुझी पट्टी कोणती, हे तिथे कुणी विचारलं नाही. तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, हिला शिकवूया.

गंगूबाई हनगल तू ऐकल्या आहेस, पण त्यांचं सुरुवातीचं ध्वनिमुद्रण ऐकलं आहेस का? पातळ, उंच, मुलीचा म्हणतात तसा आवाज. 1940 च्या दशकात घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तो आवाज गेला. जो उरला तो भारी, जाड, पुरुषी वाटेल असा होता. त्यांनी त्याच आवाजात किराणा घराण्याची संथ आलापी उभी केली. 2002 मध्ये पद्मविभूषण मिळालं ते याच आवाजाला. जुना आवाज परत आणायच्या नादात त्या अडकल्या असत्या तर आपल्याला त्यांचा राग मारवा मिळाला नसता.

आणि त्या शिकल्या कशा ते बघ. हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांकडे जायच्या, तालीम घ्यायच्या, रात्री परत. घर त्यांच्याच कमाईवर. ‘अमळनेरहून जळगावला येऊन काय होणार, पुण्याला जायला हवं,’ असं तू लिहितेस, म्हणून हे सांगते आहे. पुण्याला जरूर जा, मीच पाठवीन. पण आज गेलीस तर खोलीभाडं भरायला सुगम संगीताचे कार्यक्रम घेशील, मग ते म्हणतील त्या पट्टीत गाशील. अजून दोन-तीन वर्षं आठवड्यातून दोनदा धरणगाव, पाळधी करत गाडीने ये. यमन आणि भैरव, बस्स. यमनची विलंबित बंदिश तू दहा मिनिटांत संपवतेस. तिच्यात अर्धा तास मुद्दा न संपता बसता आलं की पुढचं बोलू.

तंबोऱ्याचं मात्र लगेच करायला हवं. तुझ्याकडचा तंबोरा बायकांच्या मापाचा, वरच्या पट्टीसाठी ताणलेला. त्याच तारा पांढरी चारला उतरवल्या की सैल पडतात, जवारी म्हणजे तारेची गुंजणारी आस मरते आणि तारांतून नुसता ठक-ठक आवाज येतो. तू त्याला कंटाळून मोबाइलवरचा तंबोरा लावतेस, हे मला माहीत आहे. जाड तारा चढव. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, पितळी तारही एक नंबर जाड हवी. मिरजेहून मी मागवल्या आहेत. मग पंचम, मधल्या सा च्या दोन जोड तारा आणि खर्ज लावल्यावर, तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा अगदी केसभर मागेपुढे सरकवत राहा. एका जागी तार अचानक बोलायला लागते, तिच्यातून गंधार वर येतो. तो गंधार ऐकू येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, मग त्यात सकाळ गेली तरी चालेल. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, याच तंबोऱ्यावर, मंद्र पंचमापर्यंत, हळू आणि आकारात. तू तिथे सहज पोचतेस. बरोबरीच्या मुलींना तिथं पोचताना किती त्रास होतो, बघतेस ना?

पैशाचं. वडील म्हणतात बी.एड. कर. कर. संगीत विशारदची परीक्षाही पूर्ण कर, शाळेत संगीत शिक्षक व्हायला उपयोगी पडेल. फक्त विशारद झालं म्हणजे गाणं आलं, असं समजू नकोस. परीक्षेत रागाची माहिती तपासतात, राग तुझ्याजवळ किती राहिला आहे ते नाही. 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज आपण मिळून भरू. आकाशवाणी जळगावची स्वरपरीक्षा पुढच्या वर्षी दे. स्वतःच्या पट्टीत. बी ग्रेड मिळाली तरी मानधन फार नसतं, पण माइकसमोर घड्याळ बघून राग मांडायची शिस्त लागते.

जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला माझ्याबरोबर ये. तिन्हीसांजेपासून शेवटच्या भैरवीपर्यंत बसायचं, मध्ये फोटो काढायला उठायचं नाही. कलाकार तंबोरे कसे लावून घेतात, त्यावर नजर ठेव.

आईला सांगून मंगळवारी माझ्याकडे जेवायलाच ये. तंबोरा गवसणीत घालून आण, आणि गर्दीच्या डब्यात वर फळीवर टाकू नकोस, भोपळा फुटेल. मांडीवर घेऊन बस. तारा बदलून, लावून मगच तालीम घेऊ.

तुझी
बाई