अलिबाग, पण खिशाला झेपेल असं

प्रश्न : आम्ही पाच जण, त्यात सासूबाई सत्तरीच्या. शनिवार-रविवार अलिबागला जायचंय, पण हॉटेलांचे दर बघून डोळे पांढरे झाले. स्वस्तात सोय होईल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होईल, पण अलिबाग गावातच राहायचा हट्ट सोडा. रेवदंड्याच्या एसटीत बसून आक्षी किंवा नागावला उतरा. रस्त्याकडेच्या वाड्यांवर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या दिसतील. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं, म्हणून सांगते : फोनवर आधी विचारा, दर माणशी की खोलीमागे? जेवण धरून की वेगळं? माणशी दर ऐकायला गोड वाटतो, पाच जणांचा हिशेब केला की खोलीच स्वस्त पडते. सासूबाईंसाठी तळमजला आणि कमोड आहे ना, तेही विचारून घ्या. ‘समुद्र दोन मिनिटांवर’ यावर फार विसंबू नका, ती दोन मिनिटं मोटरसायकलची असतात!

जेवण सकाळीच सांगून ठेवावं लागतं. मासे नको असतील तर वालाचं बिरडं मागा, हॉटेलात तसं मिळत नाही.

गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बहुतेक लाँचच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. पावसाळ्यात मात्र या लाँच बंद. आणि जमलं तर रविवारी दुपारी पोचून सोमवारी निघा. गर्दी परतीला लागलेली असते, तेव्हा घासाघीस करायला मजा येते.