किल्ली वाजली की तो उठतो

प्रश्न : नमस्कार काका. मी नेरूळचा, वय ५२. अपघातात उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. तेव्हापासून कुबड्या आणि हाताने चालवायची गाडी. पंपांच्या सुट्या भागांचा धंदा आहे. पेण, महाड, खेड, चिपळूण ही माझी लाइन. नऊ वर्षं शेरू माझ्याबरोबर फिरला. लॅब्रेडॉर, मदतीसाठी शिकवलेला. कुबडी पडली की उचलून देतो, किल्ली आणून हातात ठेवतो. पोलादपूरच्या लॉजवर रात्री बाथरूममध्ये पडलो, तेव्हा भुंकून भुंकून त्याने मॅनेजरला वर आणलं. आता तो ११ वर्षांचा आहे, कमरेचे सांधे झिजलेत. गेल्या महिन्यात वडखळला आमच्या नेहमीच्या टपरीवर थांबलो. चहावाला त्याला रोज बिस्कीट टाकतो. गाडीतून उतरताना त्याचे मागचे पाय गेले आणि तो रस्त्यावर बसलाच. डॉक्टर म्हणाले, लांबचा प्रवास बंद. मागच्या दोन फेऱ्यांना तो झोपलेला असताना गुपचूप निघालो. बायको सांगते, दिवसभर दाराशी बसतो, जेवत नाही. घरचे म्हणतात दुसरा कुत्रा आणा. माझं मन होत नाही.

उत्तर : भाऊ, गुपचूप निघणं आजपासून बंद.

ही चूक मी केलेली आहे. ठाणे पोलिसांच्या श्वान पथकात मी हँडलर होतो. माझी राणी स्फोटकं हुंगायची. नऊ वर्षांची झाल्यावर तिला कामावरून उतरवलं आणि मला नवा कुत्रा दिला. तिला वाईट वाटू नये म्हणून मी केनेलच्या मागच्या बाजूने ड्यूटीवर जायचो. तर ती दिवसभर जाळीला नाक लावून उभी. नाकावरचं कातडं सोलून निघालं. आमचे एक जुने हवालदार मला म्हणाले, "अरे, तिला सांगून जा की! तू कधी गेलास हेच तिला कळत नाही, मग ती जाळी सोडणार कधी?" दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर नव्याला पट्टा घातला, तिला भाकरीचा तुकडा दिला, "बस, येतो" म्हणालो आणि निघालो. आठवडाभर ती रडली. मग जाळी सोडून सावलीत झोपायला लागली.

शेरूचा कामाचा पट्टा माळ्यावर टाकू नका. रोज अर्धा तास घरातच घाला आणि काम सांगा : पेपर आण, चप्पल आण. निघायच्या दिवशी किल्ली त्यालाच आणायला लावा. ती हातात घेतली की त्याच्यासमोर पट्टा काढा, काम संपल्यावर तुम्ही जो शब्द म्हणता तो म्हणा, खायला द्या आणि निघा. पट्टा निघाला की सुट्टी, हे नऊ वर्षं त्याच्या अंगात मुरलेलं आहे.

गाडी एकदम तोडू नका. सकाळी सहाला पाम बीच रोडने ज्वेल ऑफ नवी मुंबईपर्यंत न्या, दहा मिनिटं फिरवा, परत. चढायला लांब फळी करून घ्या, वर जुनं कार्पेट ठोका म्हणजे नखं रुततील. घरच्या गुळगुळीत लाद्यांवर रबरी मॅट हवीच, म्हातारे कुत्रे तिथेच जास्त घसरतात. वजन वाढू देऊ नका. बोट फिरवलं की बरगडी लागली पाहिजे. आणि दुखतंय म्हणून तुमच्या डब्यातली गोळी त्याला कधीच देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं खराब होतात, जीवही जातो.

दुसऱ्या कुत्र्याबद्दल मात्र मी तुमच्या घरच्यांच्या बाजूने आहे. असा कुत्रा तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. पोलादपूरला शेरू नसता तर? आत्ताच आणा. पहिली भेट दारात नको, सोसायटीबाहेरच्या मोकळ्या मैदानात होऊ दे. भांडं वेगळं, आणि शेरूचा पट्टा नव्याच्या अंगावर कधीही चढवू नका. तो तयार होईपर्यंत लॉजवर तळमजल्याची खोली घ्या, गळ्यात शिट्टी ठेवा, रात्री घरी फोन करा.

आरशात मागची सीट रिकामी दिसते, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मला कळलं. राणीनंतर व्हॅनमध्ये मी कितीतरी दिवस उजव्या कोपऱ्यात पाय ठेवत नव्हतो, ती तिथे बसायची.

डॉक्टर हो म्हणाले तर एक फेरी करा. थंडीत, पहाटे, फक्त वडखळपर्यंत. मध्ये कर्नाळ्याला थांबून त्याला पाणी पाजा. मुलाला नाहीतर मेव्हण्याला बरोबर घ्या, पोटाखाली टॉवेलचा झोळ धरायला. टपरीपाशी फळी लावून सावकाश उतरवा. आणि चहावाल्याला आधीच सांगून ठेवा, आज बिस्कीट टाकू नकोस, जवळ येऊन हाताने भरव. टाकलंस तर तो झेपावेल.