समिती जिल्ह्यात येते तेव्हा

प्रश्न : अंदाजपत्रक विधानसभेत मंजूर होतं. मग पंचायत राज समिती आमच्या जिल्हा परिषदेत काय तपासते? (एक वाचक, यावल)

उत्तर : भाऊ, राज्यघटनेच्या कलम २०३ नुसार विधानसभा खात्याची खर्चाची मागणी मान्य करते, नाकारते किंवा कमी करते, वाढवू शकत नाही. खर्चाची खरी झडती नंतर होते. पंचायत राज समिती ही विधिमंडळातल्या आमदारांची समिती; ती लेखापरीक्षणातले आक्षेप तपासते, अधिकाऱ्यांची साक्ष घेते, शाळा-दवाखान्यांत जाऊन पाहते. मी धुळ्याला लेखा शाखेत होतो. समिती येणार म्हटलं की रात्री जागून पावत्या जुळवायचो. ‘निधी अखर्चित का राहिला?’ हा प्रश्न सगळ्यांत जड जायचा, आणि जायलाच हवा; तो पैसा सातपुड्यातल्या दुर्गम तोरणमाळच्या पोरांचाही असतो. समितीचा अहवाल सभागृहात मांडतात. आमदारांकडे मागा, आपल्या जिल्ह्याचं प्रकरण आधी वाचा.