अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत गेलेल्या त्या पंधरा वर्षांच्या मुलीचं पुढे काय झालं?

तुम्ही विचारताय ती एलिझाबेथ एकफर्ड. पांढरा ड्रेस, काळा चष्मा, छातीशी वही आणि मागे ओरडणारा गोरा जमाव, तो फोटो तिचाच.

४ सप्टेंबर १९५७. तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांनी एकत्र जायचं ठरलं होतं, पण एलिझाबेथच्या घरी फोनच नव्हता, त्यामुळे निरोप पोचला नाही. ती एकटीच निघाली, शाळेच्या पहिल्या दिवसासाठी शिवलेला नवा ड्रेस घालून. आर्कान्साचे गव्हर्नर फॉबस यांनी उभे केलेले नॅशनल गार्डचे (राज्याच्या राखीव दलाचे) सैनिक गोऱ्या मुलांना आत सोडत होते. तिला मात्र अडवलं. मग ती बसस्टॉपच्या बाकावर जाऊन बसली. पाठीमागे शिव्या चालूच. मला ते बाकावरचं बसणं फोटोपेक्षाही भारी वाटतं.

२५ सप्टेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाठवलेल्या लष्कराच्या पहाऱ्यात नऊही जण आत गेले. खरी परीक्षा त्यानंतरची: जिन्यावर ढकलणं, थुंकणं, रोजचा छळ. उलट हात उगारायचा नाही, असं त्यांना बजावलेलं. नवांपैकी मिनिजीन ब्राऊनला तर फेब्रुवारी १९५८ मध्ये शाळेतून काढूनच टाकलं. एलिझाबेथने वर्ष पूर्ण केलं. पण पुढच्या वर्षी, गोऱ्या-काळ्या मुलांनी एकत्र शिकू नये म्हणून, फॉबसनी शहरातली हायस्कूलंच बंद ठेवली! तिने बाहेरून शिक्षण पुरं केलं, नंतर लष्करात नोकरीही केली. त्या दिवसांचे घाव मात्र मनात पुढे कित्येक वर्षं राहिले.