ब्रेक ओरडतात तेव्हा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न (सातारा): पाच वर्षांच्या हॅचबॅकचे पुढचे ब्रेक हळू वेगात दाबले की चीं… करून किंचाळतात. गॅरेजमध्ये पॅड काढून पॉलिश पेपर मारून दिला. आठवडाभर शांतता होती, नंतर पुन्हा तेच. हे घरी कायमचं बंद करता येईल का?

उत्तर: बहुतेक वेळा येतं. नुसता पेपर मारून गेलेला आवाज परत येतोच, कारण किंचाळणं म्हणजे पॅडची थरथर. पेपरने पॅडचा पृष्ठभाग बदलतो, पण पॅडच्या पाठीवरची पत्रा-पट्टी कोरडी असेल किंवा कॅलिपरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारी पकड) पिना जाम असतील तर थरथरीचं कारण जागच्या जागी राहतं.

पाना हातात घेण्याआधी आवाज ओळखा. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला करकरली, तर तो डिस्कवर चढलेला गंज आहे. तो आपोआप घासून जातो, काही करू नका. ब्रेक न दाबताही पत्रा घासल्यासारखा सतत आवाज येत असेल तर डिस्क आणि मागच्या पातळ डस्ट शील्डमध्ये खडा अडकल्याचा संशय घ्या. कच्च्या रस्त्याने जाऊन आल्यावर हे नेहमीचं. पातळ, टोकदार चीं असेल तर पॅडवरची इशारापट्टी डिस्कला टेकली असू शकते. ही पट्टी सगळ्या पॅडना नसते. आणि घर्रर्र असा खरखरीत आवाज असेल, तर मसाला (पॅडचा घासणारा थर) संपून लोखंड लोखंडाला घासतंय. अशी गाडी चालवत गॅरेजलासुद्धा नेऊ नका.

आता काम. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावा आणि खाली स्टँड द्या. निव्वळ जॅकच्या भरवशावर काम करायचं नाही. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपर वर उचलता येतो. पूर्ण काढलात तर तारेने स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका.

पॅड काढून मसाल्याची जाडी मोजा. नवा साधारण १० ते १२ मिमी असतो. ३ मिमीच्या आसपास आला की दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड एकदमच बदला. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर चोर सापडला म्हणून समजा: कॅलिपर सरकायच्या पिना जाम आहेत. पिना बाहेर ओढा, जुनं वाळलेलं ग्रीस पुसून काढा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. त्याने रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. दोन पिना सारख्या नसतील तर कुठली कुठे होती ते आधीच लक्षात ठेवा.

पॅडची टोकं ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ करा. पॅडच्या पाठीवर आणि टोकांवर ब्रेकचं ग्रीस बोटाने फासल्याइतकंच. मसाल्यावर किंवा डिस्कवर एक थेंबही नको. पाठीवरची पातळ पत्री (शिम) गायब असेल तर नवी बसवा; गॅरेजमध्ये घाईत ती बरेचदा फेकली जाते आणि मग नव्या पॅडनाही आवाज येतो.

नवे, जाड पॅड बसवताना पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश आत दाबावा लागतो. तेव्हा ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवा. ऑइल वर चढतं, ओसंडलं तर रंग खातं. चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक द्या, पूर्ण थांबू नका. पॅड डिस्कला बसतात.

प्रश्न (वाई): पाचगणीहून पसरणी घाट उतरल्यावर ब्रेक किंचाळतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. पॅड तर नवे आहेत.

उत्तर: नवे असले तरी तापून काचेसारखे चकाकले असणार. काढून सपाट फरशीवर ८० नंबरचा पेपर ठेवा आणि चकाकी जाईपर्यंत पॅड त्यावर घासा. मसाल्याला भेगा गेल्या असतील तर घासण्यात अर्थ नाही, बदलाच. मऊ पेडल ही मात्र आवाजाहून मोठी गोष्ट आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं; कोरड्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात तेवढी उष्णता होते, आत वाफ धरते आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या. ऑइल बदलताना ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं काम एकट्याने करू नका. उतरताना ज्या गिअरने चढला असतात तोच किंवा त्याहून खालचा ठेवा, पाय ब्रेकवर सतत टेकवू नका. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते.

प्रश्न (कराड): मागच्या ड्रममधून कुईं आवाज येतो. फटीतून गंज सोडवायचा स्प्रे मारला तर?

उत्तर: अजिबात नाही. लायनर (ड्रमच्या आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) तेल पितात, आवाज जातो आणि ब्रेकही जातो. पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, ड्रम काढा. अडकला असेल तर ड्रमवर बहुधा आट्यांची दोन भोकं असतात. त्यात ८ मिमीचे बोल्ट आलटून पालटून आवळा, ड्रम सुटतो. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. लायनरची लोखंडी कड मागच्या प्लेटवर जिथे घासते, त्या चकाकलेल्या ठिकाणी किंचित ब्रेकचं ग्रीस लावा. कुईं बहुतेक तिथूनच येते. आत ओलसर दिसलं तर व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग) गळतोय. मग सिलिंडर आणि भिजलेले लायनर, दोन्ही नवे.