कॅन्सर झाल्यावर विडी सोडून काही फायदा होतो का? बाबा ऐकत नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की बाबांना स्वरयंत्राचा कॅन्सर निघालाय, लवकरच लाईट (म्हणजे रेडिएशन) सुरू होणार आणि ते म्हणतात, "आता सोडून काय फायदो?" मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन करतो. हे वाक्य दापोलीवालेही ऐकवतात आणि राजापूरवालेही.

फायदा आहे, आणि तो याच उपचारात आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. गाठीला ऑक्सिजन कमी पडला की रेडिएशन तिच्यावर नीट लागू पडत नाही. त्यात लाईट चालू असताना ओढत राहिलं तर घसा जास्त सोलवटतो, पेजसुद्धा गिळवत नाही. बाबांना हे एवढंच सांगा. फुप्फुसांचे काळे फोटो दाखवू नका, घाबरायचं तेवढं ते आधीच घाबरलेत.

आणि कृपा करून ओरडू नका. "विडीनेच झालं" हे त्यांना कळत नाही का? ओरडा बसला की माणूस पडवीतली विडी माडाखाली नेतो, आणि मग डॉक्टरांनाही "कधीच सोडली" म्हणून सांगतो. ते खोटं सगळ्यात महागात पडतं.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी लागते का, ते बघा. लागत असेल तर नुसत्या निश्चयावर भागायचं नाही, निकोटीनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) किंवा गोळी हवी. तोंड-घसा सोलवटलेला असताना निकोटीनचं च्युइंगम झोंबतं, म्हणून मी अशांसाठी पॅचबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगतो. आपल्याकडच्या घामात तो निघून येतो, तेव्हा आंघोळीनंतर दंड कोरडा पुसून लावायचा. रोज जागा बदलायची. च्युइंगमच दिलं असेल तर ते सारखं चघळायचं नाही. झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं. आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही, कोकम सरबतही नाही, आंबटाने निकोटीन अंगात कमी शोषलं जातं. दुसऱ्या गोळ्याही असतात, पण त्यातल्या काही कॅन्सरच्या औषधांशी जुळत नाहीत, म्हणून परस्पर दुकानातून आणू नका.

तलफ काही मिनिटांत ओसरते. माझ्याकडे येणाऱ्या एका तांडेलाला जाळं टाकून बसल्यावरच विडी आठवायची. त्याने खलाशांना सांगून ठेवलं, त्या वेळात माझ्यासमोर कुणी पेटवू नका. पोरांनी ऐकलं. बाबांची अशी वेळ कुठली, ते त्यांनाच विचारा.

एक फसवी वाट मात्र आधीच बंद करा: विडी सुटली म्हणून मशेरी. आईची मशेरी घरात असेल तर डबा त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. जमलं तर आईनेही सोबत सोडावी.

लाईट बहुधा आठवड्यातून पाच दिवस असते. रोज जाणं होणारच, तर तिथल्या नर्सला रोज खरं सांगायचं, काल एक ओढली असली तरी. मध्येच अडलं तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा आहे, फोन बाबांनी स्वतः करावा.